पाच पिना आणि छत्तीस गुण

मराठी भाषेला पुढचं फार दिसतं. ज्या वस्तूला अमेरिकेनं नुसतं 'कीबोर्ड' म्हणून सोडून दिलं, तिला आपल्याकडच्या कोणा शब्दकारानं 'कळफलक' असं नाव ठेवलं आणि एका दगडात चार पक्षी मारले. कळ म्हणजे बोटानं दाबायची ती. कळ म्हणजे मध्यरात्री अक्कलदाढेत येते ती. कळ म्हणजे नारदमुनी लावून देतात ती. आणि चौथी, सरकारी कचेरीत खिडकीपलीकडचा गृहस्थ पान जुळवता जुळवता आपल्याला सोसायला सांगतो ती. या चारही कळा एकाच फलकावर बसवलेल्या असतात, याचा अनुभव ज्यानं जुना कळफलक आणि जुना कॉम्प्युटर यांचं लग्न लावायचा प्रयत्न केला आहे त्याला वेगळा सांगायला नको.

कॉम्प्युटरच्या पोटात जी मुख्य पाटी असते, तिला 'मदरबोर्ड' म्हणतात. हे नाव ठेवणारा माणूस बहुधा अविवाहित असावा. बाहेरून आलेल्या कळफलकाला ही पाटी ज्या तऱ्हेनं वागवते, ते पाहिलं म्हणजे 'मदर'च्या पुढे 'इन-लॉ' लिहायचं राहून गेलं असावं अशी शंका येते.

आता तुम्ही म्हणाल, मास्तर, तुम्ही इतिहास शिकवणारे. तुम्हाला पाट्या आणि पिनांशी काय कर्तव्य? तर त्याचं असं आहे. इतिहासाच्या मास्तराबद्दल समाजात एक ठाम समज असतो की, जे जे जुनं ते ते सगळं याच्याकडे न्यावं. आयुष्यभर माझ्याकडे लोक गंजलेली नाणी घेऊन आले. पानिपतावर गेलेल्या खापरपणजोबांची तलवार घेऊन आले, आणि त्या तलवारीच्या मुठीवरचे स्क्रू मी त्यांच्या भावनेखातर कधी मोजले नाहीत. पुढे पुढे लोक जुने कॉम्प्युटरही आणू लागले. तलवारीपेक्षा ते बरे. निदान त्यांची साल खरी असते.

शिवाय मी नगरचा. नगरकराला वस्तू जुळणं आणि न जुळणं हा विषय पिढीजात आहे. मुलुखमैदान तोफेचंच बघा. १५४९ साली ती आमच्या नगरात ओतली गेली, निजामशाहीत. वजन सुमारे ५५ टन. आज ती कुठं आहे? विजापूरच्या बुरुजावर. निजामशाही आणि आदिलशाही यांच्यातलं प्रेम इतिहासाच्या पुस्तकांतून आपण वाचलेलंच आहे. पण तोफेनं कधी 'हा बुरुज माझ्या घराण्यातला नाही' म्हणून तोंड फिरवलं नाही. दारू भरा, गोळा घाला, बत्ती द्या. एवढ्या तीन गोष्टी ज्याला कळतात तो तिचा मालक. २०१४ साली विजापूरचं विजयपुरा झालं, २०२४ साली अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. माहेरचं नाव बदललं, सासरचंही बदललं. तोफ जागची हलली नाही.

याच्या बरोबर उलट गोष्ट रेल्वेची. दौंड-मनमाड हा आमचा लोहमार्ग १८७८ सालचा, ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमध्ये साडेपाच फूट. मनमाडहून पुढे निजामाच्या मुलखात जाणारा मार्ग मात्र मीटरगेज. इथलं लोखंड तेच, वाफ तीच, ड्रायव्हरच्या तोंडातली बिडीही तीच. पण नगरहून निघालेली वाघीण मनमाडच्या पुढे औरंगाबादेकडे एक वीत सरकेल तर शपथ. मग काय, पोतं या वाघिणीतून उतरवायचं, हमालाच्या पाठीवर द्यायचं आणि त्या वाघिणीत चढवायचं. १९९० च्या दशकात तो मार्ग ब्रॉडगेज झाला तेव्हा कुठं हमालाच्या पाठीला उसंत मिळाली. हा मनमाडचा हमाल वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो एका चिपच्या वेषात येणार आहे.

पण कॉम्प्युटरच्या आधी टाइपरायटर आला, म्हणून आधी त्याला मान देऊ. अमेरिकेतल्या शोल्स या गृहस्थानं आणि त्याच्या सोबत्यांनी १८६८ साली टाइपरायटरचं पेटंट घेतलं आणि १८७४ च्या सुमारास रेमिंग्टन कंपनीनं तो बाजारात आणला. रेमिंग्टन म्हणजे मूळचे बंदुका करणारे. आपल्याकडे गोदरेजनं १९५५ साली टाइपरायटर काढला. ते मूळचे कुलपं करणारे, १८९७ पासूनचे. म्हणजे तिकडं बंदूकवाले आणि इकडं कुलूपवाले. लिहिणाऱ्या माणसाबद्दल उद्योगपतींचं मत काय असतं, ते यावरून ओळखावं.

इंग्रजीला या यंत्राचा काही त्रास नव्हता. सव्वीस अक्षरं, त्यांचे दोन मजले केले की संपलं. आपल्या देवनागरीचा संसार मोठा. व्यंजनं, स्वर, काने, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि वर जोडाक्षरांचं गोकुळ. एवढं सगळं पंचेचाळीसएक कळांत कोंबायचं म्हणजे चाळीतल्या दोन खोल्यांत वऱ्हाड उतरवण्यासारखं. मग चाळीतच सुचतात तसल्या युक्त्या निघाल्या. 'ध', 'भ', 'श' अशी अक्षरं अर्धीच ठेवायची, वर काना लावून पुरी करायची. ऱ्हस्व वेलांटी तर अक्षराच्या आधी उमटवायची. आधी छत्री उघडायची, मग घराबाहेर पडायचं.

आमची आत्या हे सगळं झोपेतसुद्धा करत असे. १९६४ चा राजभाषा अधिनियम आला, कचेऱ्यांचा कारभार मराठीत होऊ लागला आणि मराठी टाइपिस्टला एकाएकी भाव आला. आत्यानं मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा दिली, मग चाळीसची दिली आणि नगरातल्या एका कचेरीत चिकटली. माडीवरच्या टायपिंग क्लासखालून जाताना पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज यायचा. त्या गारांतली आमची गार कुठली, हे मला रस्त्यावरून ओळखू यायचं. घरी ती रेडिओवरच्या बातम्या ऐकताना मांडीवर बोटं हलवायची. आजी म्हणायची, "हिला कोणीतरी दाखवून आणा." आत्या म्हणायची, "थांब गं, निवेदक संथ वाचतोय. माझा वेग पडेल."

आता मूळ कथेकडे येतो.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आय.बी.एम. कंपनीनं आपला पी.सी. जाहीर केला. त्याचा कळफलक त्र्याऐंशी कळांचा. मागून वेटोळ्या वायरची एक शेपटी आणि शेपटीच्या टोकाला पाच पिनांचा गोल प्लग. हा प्लगही काही कॉम्प्युटरसाठी जन्माला आलेला नव्हता. तो जर्मनांचा. त्यांनी टेपरेकॉर्डर जोडण्यासाठी तो ठरवून ठेवलेला होता. १९८३ साली पी.सी.चा थोरला भाऊ आला, एक्स्टी. कळफलक तोच. १९८४ साली आला ए.टी. त्याचा कळफलक चौऱ्याऐंशी कळांचा. एकच कळ वाढली. प्लग तोच, पाच पिनांचा, तेवढाच गोल, तसाच भरभक्कम.

आणि इथंच आय.बी.एम.नं जगाची फिरकी घेतली. प्लग तोच ठेवला आणि आतली भाषा बदलून टाकली.

एक्स्टीचा कळफलक आणि पाटी यांच्यातला व्यवहार एकतर्फी होता. कळफलकानं बोलायचं, पाटीनं ऐकायचं. म्हणजे ज्या घरात सून बोलते आणि सासू गप्प बसून ऐकते, तसलं घर. असं घर जास्त दिवस टिकणार नाही हे तेव्हाच कुणी तरी ओळखायला हवं होतं. ए.टी.मध्ये दोघींना वाचा फुटली. कळफलक बोलतो, पाटी उलट बोलते. 'पुन्हा सांग, नीट ऐकू आलं नाही' असं म्हणते. 'तुझा कॅप्स लॉकचा दिवा लाव' असा हुकूम सोडते. तो दिवा कळफलकाला स्वतःच्या मर्जीनं लावता येत नाही, वरून हुकूम यावा लागतो. दिव्यावरचा ताबा सासूकडे राहिला, हेही रीतीला धरूनच म्हणायचं.

पोस्टाच्या भाषेत सांगायचं तर एक्स्टी म्हणजे साधं पोस्टकार्ड. टाकलं पेटीत, पोचलं तर पोचलं. ए.टी. म्हणजे 'रजिस्टर विथ ए.डी.' प्रत्येक अक्षराच्या पुढेमागे खुणा, मजकूर बरोबर आहे ना ते ताडून पाहायला एक जादा ठोका, आणि काही चुकलं तर पुन्हा पाठवण्याची सोय. एक्स्टीचं पत्र आठ ठोक्यांचं, त्याच्या आधी 'आलो हं' एवढी खाकरणी. ए.टी.चं मोजून अकरा ठोक्यांचं. आठ ठोक्यांवर हात जोडून आरती संपवणाऱ्या भक्ताला अकरा ठोक्यांची आरती ऐकवली की तो जसा गडबडेल, तशी एक्स्टीची पाटी ए.टी.च्या कळफलकापुढे गडबडते.

बरं, ठोके कसेबसे जुळवून घेतले तरी भानगड मिटत नाही. कळ दाबली की तारेतून अक्षर जात नाही, त्या कळेचा आकडा जातो. एक्स्टीच्या हिशेबात इंग्रजी 'ए'चा आकडा तीस. ए.टी.च्या हिशेबात त्याच 'ए'चा आकडा अठ्ठावीस. आणि एक्स्टीच्या यादीत अठ्ठावीस कुणाचा नंबर? एन्टरचा! म्हणजे इकडून 'अ आईचा' म्हणायला जावं आणि तिकडून 'बरं, पुढच्या ओळीवर चला' असं उत्तर यावं. कळ सोडल्याचं कळवायची रीतसुद्धा वेगळी. एक्स्टी त्याच आकड्यात एकशे अठ्ठावीस मिळवून पाठवतो, ए.टी. आधी दोनशे चाळीस पाठवून मग तोच आकडा परत म्हणतो. बारशाला जेवायला बोलवायची आणि बाराव्याला बोलवायची पद्धत जितकी निराळी, तितकी ही निराळी.

मग जुने प्रोग्रॅम ए.टी.वर चालले कसे? इथं आला आपला मनमाडचा हमाल. ए.टी.च्या पाटीवर ८०४२ नंबरची एक चिप बसवली होती. कळफलकाकडून नव्या आकड्यांची पोती यायची, ही चिप ती उतरवून घ्यायची, जुन्या आकड्यांच्या वाघिणीत भरायची आणि पुढे पाठवायची. आतल्या प्रोग्रॅमला पत्तासुद्धा लागायचा नाही की बाहेर गेज बदललंय. हा हमाल पुढे कित्येक वर्षं, मशिनींच्या कित्येक पिढ्यांना पाठ देत राहिला. त्याचं नाव जाहिरातीत कधी आलं नाही. मनमाडच्या हमालाचं तरी कुठं आलं?

पण हमाल होता नव्या पाटीवर. जुन्या पाटीवर कोणी नव्हतं. म्हणून जुनी सासू आणि नवी सून ही जोडी काही जमेना.

आपल्याकडे हे सगळं आलं तेही याच दिवसांत. नोव्हेंबर १९८४ मध्ये राजीव गांधींच्या सरकारनं कॉम्प्युटरचं नवं धोरण जाहीर केलं. सुटे भाग आणणं सोपं झालं, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भाग जुळवून केलेली मशिनं हळूहळू घाट चढून वर आली. आमचा नगर जिल्हा म्हणजे सहकाराचं माहेर. १९५० साली प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना निघाला, तेव्हापासून इथल्या माणसाला चार जणांत मिळून मोठी वस्तू घ्यायची सवय. कारखाने, दूध संघ, पतसंस्था यांच्या कचेऱ्यांतून कॉम्प्युटर येऊ लागले. त्याला वेगळी खोली, खोलीला थंड हवेचं यंत्र, आणि दारात पाटी, 'चपला बाहेर काढाव्यात'. खंडोबाच्या देवळात बूट घालून घुसू पाहणारे सभासद या खोलीत मात्र अनवाणी जात. मशीनला हळदकुंकू, दसऱ्याला झेंडूची माळ. 'एक्स्टी आहे का ए.टी.?' हा प्रश्न 'गीर आहे का जर्सी?' या चालीवर विचारला जाऊ लागला.

मी ज्या पतसंस्थेचा सभासद होतो, तिथं असाच एक एक्स्टी होता. संस्थेचं नाव सांगत नाही. सभासदांना ते माहीत आहे आणि इतरांना त्याचा उपयोग नाही. १९९९ साली 'दोन हजार साल लागताच सगळे कॉम्प्युटर बंद पडणार' अशी हूल उठलेली होती, आणि संस्थेनं नवं मशीन घेतलेलं होतं. एक्स्टी कोपऱ्यात निळं आच्छादन पांघरून बसला होता. नव्या मशिनीत चालू खाती घेतली होती. जुन्या ठेवींची खतावणी मात्र जुन्याच्याच पोटात राहिली होती. कागदी खतावणी होती, पण ती वाळवीनं वाचून संपवलेली. वाळवी काही नोटा काढून ठेवत नाही.

आणि नेमक्या त्या सुमाराला पारनेर तालुक्यातल्या एक आजी आल्या. नवरा साखर कारखान्यात कामाला होता. तो गेल्यावर जे पैसे हातात आले, त्यातले पाच हजार त्यांनी दहा वर्षांपूर्वी संस्थेत ठेवले होते. ठेवपावती घर गळून पावसात भिजली, तिचा लगदा झाला. आता नातीचं लग्न निघालं होतं. "पावती आणा," असं संस्थेचं म्हणणं. "पैसं तुमच्यापाशी हायेत, मग पावती मी का आणू?" असं आजींचं म्हणणं. तर्कशास्त्र पाहिलं तर आजींचं म्हणणं वरचढ होतं, पण पोटनियम संस्थेचे होते. आठवड्यातून एकदा त्या यायच्या, पायरीवर बसायच्या आणि शेवटच्या एस.टी.नं परत जायच्या.

"जुन्या मशिनीत बघा की," असं शेवटी कुणाला तरी सुचलं. आच्छादन काढलं. मशीन सुरू झालं, पण कळफलकाची वायर उंदरांनी खाल्लेली. त्यात काय, म्हणून पुण्याहून नवा कोरा कळफलक आणला. प्लग बघितला: पाच पिना. भोक बघितलं: पाच भोकं. आत कसा गेला म्हणता? लोण्यात सुरी. वर मशीन सुरू करताच कळफलकावरचे तीन हिरवे दिवे एकदम लुकलुकले. व्यवस्थापकांनी टाळीच वाजवली.

ते दिवे म्हणजे लग्नात वाजंत्री वाजते तसले. त्याचा संसाराशी संबंध नसतो. पडद्यावर कर्सर लुकलुकत उभा. 'बोला, ऐकतोय' असा चेहरा. इकडून ए दाबा, बी दाबा, मूठ आपटा. तिकडून हूं नाही की चूं नाही. मी पुढे होऊन दाबलं, शिपायानं दाबलं, संचालकांपैकी एकानं 'सहकारात दबावाशिवाय काही होत नाही' असं म्हणून सगळ्या हातानं दाबलं. एका कॉम्प्युटर क्लासचा तरुण इंजिनियर बोलावला. त्यानं दोन मिनिटं बघून निदान केलं, "मदरबोर्ड गेला. भंगारात टाका." इतक्या तरुण वयात इतक्या लवकर आई गेली म्हणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

शेवटी मी चितळे रोडकडे राहणाऱ्या एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिरांना घेऊन आलो. त्यांनी कॉम्प्युटर उभ्या आयुष्यात दोनदाच उघडला होता, पण बिघडलेल्या वस्तूशी बोलायची त्यांची रीत शांत होती. त्यांनी नवा कळफलक काढला, उलटा केला, खालून पाहिला, मान हलवली. मग म्हणाले, "दादा, ह्याची बोली ह्याला कळत नाय. दोघंबी धडधाकट हायेत." दोन दिवसांनी ते भंगारवाल्याकडून एक पिवळा पडलेला कळफलक घेऊन आले. तोही उलटा केला. खालच्या बाजूला एक नखाएवढा खटका होता. त्याच्या एका टोकाला इंग्रजी 'एक्स', दुसऱ्या टोकाला 'ए'.

"हा बघा," ते म्हणाले. "एक्स म्हंजी जुनी बोली. ए म्हंजी नवी."

काडेपेटीतल्या काडीनं त्यांनी खटका 'एक्स'कडे सरकवला. मशीन आधी बंद करायला लावलं, कारण चालू मशिनीत हा प्लग खुपसला तर पाटीवरचा फ्यूज उडू शकतो. मग प्लग लावला, मशीन सुरू केलं. कारकुनानं भीत भीत एक अक्षर दाबलं. ते पडद्यावर उमटलं. एवढंसं अक्षर, पण सगळ्या खोलीनं ते मोठ्यानं वाचलं.

आजींच्या गावाचं नाव घातल्यावर तीन मिनिटं मशीन आतल्या आत दळत बसलं. मग ओळ आली. नाव, तारीख, पाच हजार रुपये, मुदत. कर्रर्र आवाज करत छपाई यंत्रानं तो कागद बाहेर दिला. आजींनी विचारलं, "ह्यात माझं नाव हाय?" कारकुनानं वाचून दाखवलं. "बापाचं का नवऱ्याचं?" "नवऱ्याचं, आजी." त्यांनी कागद घेतला नाही. आधी पदराला हात पुसले, मग घेतला.

तो खटका कळफलकात घालणारा माणूस कोण असेल, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तैवानकडच्या वगैरे कित्येक कारखान्यांनी असे दोन्ही बोली बोलणारे कळफलक काढले. त्यात मोठी परोपकाराची भावना होती असं नाही. एकच माल दोन्ही गिऱ्हाइकांना खपावा, एवढाच हिशेब. पण त्या हिशेबात कुणाच्या तरी लक्षात आलं होतं की नवं मशीन निघालं म्हणून जुनं मशीन घेतलेला माणूस मरत नाही. पुढे पुढे खटके गेले, कारण एक्स्टी संपले असं सगळ्यांनी धरून चाललं. पारनेर तालुक्यात कोणी विचारायला गेलं नव्हतं.

त्यानंतरची हकीकत थोडक्यात सांगतो. १९८७ साली आय.बी.एम.नं पी.एस./टू नावाची मशिनं काढली आणि या वेळी उलट खेळ केला. प्लग बदलला आणि भाषा तीच ठेवली. नवा प्लग बारीक, सहा पिनांचा. त्यामुळे ए.टी.चा जाडा प्लग आणि हा बारीक प्लग यांच्यामध्ये नुसतं तारा जोडलेलं बोंडूक लावलं की काम भागायचं. धोतर सोडून पँट घातलेला माणूस. बोली मात्र नगरीच. उंदराचा, म्हणजे माऊसचा, प्लगही हुबेहूब तसाच निघाला. याचा त्याला लावला की दोघंही गप्प. म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीस कळफलकाला जांभळा आणि माऊसला हिरवा रंग दिला. जुळ्या मुलांना आई वेगवेगळ्या रंगाची झबली घालते, तसा हा प्रकार.

१९९६ साली यू.एस.बी. आलं आणि प्लगही बदलला, भाषाही बदलली. यू.एस.बी.चा कळफलक जुन्या भोकात बसवायचं बोंडूकही बाजारात मिळतं. पण गंमत अशी की ते बोंडूक स्वतः काहीच करत नाही. कळफलकाला आतून दोन्ही भाषा येत असतील तरच ते चालतं, नाहीतर नाही. उलट एक्स्टीचा कळफलक आजच्या मशिनीला लावायचा तर मध्ये खरोखर डोकं असलेली चिप लागते, जी ऐकेल, उमजून घेईल आणि सांगेल. हौशी मंडळी ती घरी बसून करतात. थोडक्यात, मध्यस्थ दोन प्रकारचे. एक नुसताच दोघांचे हात एकमेकांच्या हातात देणारा, दुसरा भाषांतर करणारा. लग्न जुळवणाऱ्यांत पहिल्या प्रकाराचीच भरती जास्त असते.

याच काळातला कॉम्प्युटरचा एक निरोप मला फार आवडायचा. कळफलक सापडला नाही की कित्येक मशिनं पडद्यावर लिहायची: कळफलक नाही, पुढे जाण्यासाठी एफ-वन दाबा. आमच्याकडच्या कचेऱ्यांत हयातीचा दाखला मागतात, तेव्हा मला या ओळीची आठवण येते.

आता राहिली आत्या. तिच्याही कचेरीत कॉम्प्युटर आला, १९९० च्या दशकात. तिथं पाटीचं आणि पिनांचं भांडण नव्हतं. भांडण होतं बोटांचं. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८६ साली भारतीय भाषांसाठी एक सामाईक कळफलक ठरवला, इन्स्क्रिप्ट. पुढे १९९१ साली तो भारतीय मानकातही गेला. मांडणी अगदी शास्त्रशुद्ध: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि जिथं मराठीचा 'क' तिथंच बंगालीचा, तमिळचा. पुण्यात १९८८ साली सी-डॅक संस्था निघाली आणि आय.आय.टी. कानपूरला जन्मलेलं जिस्ट हे तंत्र तिथं वाढीला लागलं. ते एक कार्ड असे. कॉम्प्युटरच्या पाटीत खोचलं की यंत्र देवनागरी लिहू लागे. सगळं उत्तम. फक्त वेलांटी अक्षराच्या नंतर.

तीस वर्षं आधी छत्री उघडून मग बाहेर पडलेल्या बाईला सांगण्यात आलं, आता आधी बाहेर पडायचं, भिजायचं आणि मग छत्री उघडायची. कचेरीत नव्यानं लागलेली मुलं चार दिवसांत शिकली, कारण त्यांना आधीचं काही विसरायचं नव्हतं. आत्याचा वेग चाळीसावरून आठावर आला. साहेब चांगला माणूस होता. तो म्हणाला, "बाई, वयोमानाप्रमाणे व्हायचंच." घरी बातम्या लागल्या की आत्याची बोटं मांडीवर हलेनाशी झाली, तेव्हा आजीच म्हणाली, "हिला काय झालंय?"

झालं काहीच नव्हतं. दोघंही धडधाकट होते. बोली निराळी होती. वर्षभरानं कचेरीत दुसरा एक तरुण आला. त्यानं त्या सॉफ्टवेअरच्या पोटात शिरून एक यादी उघडली. तिच्यात 'टाइपरायटर' अशी ओळ होती, कोणी तरी विचार करून आधीच घातलेली. ती निवडली की कळा टाइपरायटरच्या जागी आणि वेलांटी अक्षराच्या आधी. आत्यानं पहिला परिच्छेद टाइप केला आणि म्हणाली, "हे यात होतं? मग सांगितलं का नाही?" साहेब म्हणाले, "आम्हाला वाटलं, तुम्ही शिकताय." निवृत्त होईपर्यंत तिचा चाळीसचा वेग कुणी मोडला नाही.

टाइपरायटर गेले. गोदरेजनं २००९ साली उत्पादन थांबवलं आणि २०११ साली ती बातमी फुटली, तेव्हा साता समुद्रापलीकडच्या वर्तमानपत्रांनीही मृत्युलेख लिहिले. टायपिंगच्या सरकारी परीक्षासुद्धा पुढे कॉम्प्युटरवर गेल्या. माडीवरच्या गारा थांबल्या. पण आजही नगरच्या कोर्टाच्या आसपास चक्कर मारलीत तर जुन्या टाइपरायटरच्या चालीनं मराठी बडवणारी बोटं सापडतील. खालचं यंत्र बदललं, बोटांनी गेज बदललं नाही. मध्ये कुठला तरी हमाल पोती उचलतो आहे.

आपल्याकडे लग्न ठरवताना पत्रिका बघतात. नाडी, गण, रास धरून छत्तीस गुण मोजतात. अठरा जुळले की मांडवाची ऑर्डर. या छत्तीसांत प्लग बसतो की नाही हे बहुतेक सगळं येतं. पण वधूवरांना जरा उलटं करून खालच्या बाजूला खटका आहे का, हे कुणीच बघत नाही. ज्योतिषी मंडळींना माझी नम्र सूचना आहे की सदतिसावा गुण हा खटक्याचा ठेवावा. संसार म्हटला की खटके उडायचेच, ते चुकणार नाहीत. निदान एखादा सरकवता येण्याजोगा असला म्हणजे झालं; काडेपेटी आमच्या रेडिओवाल्याकडून आणता येईल.